मलावीतल्या खेड्यात चर्चच्या स्वयंसेवी कामासाठी जायचंय – तयारी काय करावी?

नगरी_मिरची

नमस्कार मंडळी,

मी मूळची नगरची. लग्नानंतर स्कॉटलंडला आले, आता अॅबर्डीनच्या बाजूला एका छोट्या गावात राहते आणि इथल्या चर्चची सभासद आहे. आमच्या चर्चचं मलावीच्या उत्तरेला, म्झिंबा जिल्ह्यातल्या एका मंडळीशी (म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांशी) जुनं नातं आहे. पत्रं जातात-येतात, त्यांचे पाळकसाहेब (धर्मगुरू) इकडे येऊन राहून गेलेत. यंदा जुलैत आमचा गट पंधरवड्यासाठी तिकडे निघालाय. त्यात निवृत्त शिक्षिका आहेत, एक सुतार आहेत, दोन कॉलेजची मुलं आहेत, एक नर्स आहे आणि मी (हिशेबनीस).

सध्याचा बेत असा आहे: शाळेच्या वर्गखोल्या रंगवायच्या, मुलांसाठी शब्बाथशाळेच्या (रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या मुलांच्या वर्गाच्या) धर्तीवर बालशिबिर घ्यायचं, आणि इकडे गोळा केलेले कपडे व औषधं तिथल्या दवाखान्याला द्यायची. राहणं त्या मंडळीतल्या घरांमध्येच.

लसी कुठल्या, मलेरियाच्या गोळ्या कुठल्या, कपडे कसले, पैसे कसे न्यायचे, तिथल्या घरात राहताना काय पाळायचं, सगळंच विचारायचंय. इंग्रजीत याद्या पुष्कळ आहेत, पण त्या वाचून बॅग कशी भरायची एवढंच कळतं. आपल्यापैकी कुणी आफ्रिकेत राहिलंय, काम केलंय, त्यांचं ऐकायचंय. बेतातच काही खटकत असेल तर तेही मोकळेपणानं सांगा.

पुणेरी_पाटी

अभिनंदन! आफ्रिकेचं ऊन म्हणजे ऊन. सुती कपडे, टोपी, सनस्क्रीन भरा. स्वेटर घरी ठेवा.

लिलाँग्वेकर

पाटीसाहेब, स्वेटर घरी ठेवला तर बाई कुडकुडतील. जून-जुलै हा मलावीतला हिवाळा. म्झिंबा, म्झुझू हा सगळा उंचावरचा भाग, म्झुझू शहरच बाराशे मीटरच्या वर आहे. दिवसा छान ऊन, संध्याकाळी पाचनंतर गारठा. जाकीट, मोजे, कानटोपी हवीच.

ताई, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत आहे. सुचेल तसं लिहितो.

प्रवास: लिलाँग्वेहून म्झुझू साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर सायकली, बकऱ्या, बिनदिव्याचे ट्रक. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम गटात आधीच ठरवून टाका. विमान दुपारी उतरत असेल तर पहिली रात्र लिलाँग्वेत काढा, सकाळी निघा. इंधनाची टंचाई अधूनमधून होते, त्यामुळे गाडीवाल्याला डिझेलचं आधीच विचारून ठेवा. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. गटात कुणाचा ब्रिटिश पासपोर्ट, कुणाचा भारतीय, ते पाहून प्रत्येकाचं वेगळं तपासा.

पैसे: गावात कार्ड चालत नाही. क्वाचाच्या नोटांची चळत होते, एटीएममधून एका वेळी फार निघत नाहीत. फोनवरून पैसे देणं (एअरटेल मनी, टीएनएम म्पांबा) खेड्यातही सर्रास चालतं. उतरल्यावर स्थानिक सिम घ्या. प्लग ब्रिटनसारखेच तीन चौकोनी खिळ्यांचे, तुमची अडचण नाही. वीज मात्र असेल-नसेल, कपाळावर बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे हवी. संडास घराबाहेर असतो, रात्री तिचाच आधार.

कपडे: बायकांनी गुडघ्याखालचा स्कर्ट घालावा किंवा कमरेला चितेंजे गुंडाळावं. चितेंजे म्हणजे दोनेक मीटरचं छापील कापड. ते नेसतात, त्यात मूल पाठीशी बांधतात, डोक्यावर ओझं घेताना चुंबळही त्याचीच. तिथल्याच बाजारात घ्या. बांडा राष्ट्राध्यक्ष असताना १९७३ पासून बायकांनी पँट घालण्यावर कायद्यानं बंदी होती, ती नव्वदच्या दशकात उठली. शहरात आता कुणी काही म्हणत नाही, पण खेड्यात आणि विशेषतः उपासनेला पँट नको. आपला पंजाबी ड्रेस उत्तम चालतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. दुकानात साबण मागायचा तरी आधी विचारपूस. उत्तरेला तुंबुका बोलतात, तेव्हा नुसत्या चिचेवावर (देशात सर्वत्र चालणाऱ्या भाषेवर) भागवू नका. "मोनिरे" म्हणा, आभाराला "येवो". हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराशी धरायचा, वस्तू देताना-घेताना दोन्ही हात. गावात पोचल्यावर आधी गावच्या प्रमुखाला भेटायचं. पाळकसाहेब नेतीलच, पण "आम्ही दमलोय, उद्या जाऊ" म्हणू नका.

डॉ_मीठभाकर

मी इंग्लंडमध्ये जीपी आहे, प्रवासी लसीकरणाचं काम नेहमीचंच. खालचं सर्वसाधारण आहे, प्रत्येकानं आपल्या दवाखान्यात जाऊनच ठरवायचं, आणि निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी जायचं. शेवटच्या आठवड्यात येणाऱ्यांना आम्ही फार काही देऊ शकत नाही.

लसी: धनुर्वात-पोलिओचा डोस झालाय ना ते बघा. २०२२ मध्ये लिलाँग्वेत पोलिओ सापडला होता, तेव्हा ही जुनाट गोष्ट समजू नका. हिपॅटायटिस ए, टायफॉइड. खेड्यात राहणार आणि मुलं-कुत्री सोबत असणार म्हणून रेबीजचाही विचार करा. चावल्यानंतर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन खेड्यात मिळणं कठीण. आधी लस घेतलेली असेल तर त्याची गरज पडत नाही, नंतरचे डोस मात्र घ्यावेच लागतात. कॉलरा २०२२-२३ मध्ये तिथं मोठा पसरला होता, नर्सबाईंनी त्याबद्दल विचारावं.

मलेरिया: मलावीत वर्षभर, आणि बहुतेक सगळा फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा प्रकार. क्लोरोक्विनचा उपयोग नाही. तीन पर्याय. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, रोज एक, परतल्यावर सात दिवस. स्निग्ध जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची, नाहीतर नीट शोषली जात नाही. डॉक्सिसायक्लिन: स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिनं कातडी उन्हात लवकर भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण नैराश्य, चिंता, फिट यांचा इतिहास असेल तर अजिबात नाही. लोक काय करतात, घरी परत आल्यावर "आता कुठे डास" म्हणून गोळ्या सोडतात. तीच चूक महागात पडते.

संध्याकाळी पूर्ण बाह्या, औषध लावलेली मच्छरदाणी, अंगाला डीट (डास पळवणारं औषध). आधी सनस्क्रीन, वर डीट. थंडी आहे म्हणून डास नसतील असं धरू नका.

तलाव: मलावी सरोवर इतकं सुंदर आहे की शेवटच्या दिवशी सगळे न्काटा बेला पोहायला जातात. त्यात गोगलगायींमधून पसरणारा बिल्हार्झिया आहे. जंतू कातडीतून शिरतात, तेव्हा काही कळतही नाही. शक्यतो उतरू नका. उतरलात तर तीनेक महिन्यांनी तपासणी करून घ्या, प्राझिक्वांटेल नावाची साधी गोळी आहे.

औषधं गोळा करून नेण्याचा बेत मात्र रद्द करा. घराघरांतून आलेल्या अर्धवट पाकिटांचा तिथं उपयोग शून्य. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे की दान दिलेलं औषध पोचताना त्याची मुदत किमान वर्षभर उरलेली हवी, आणि ते त्या देशाच्या औषधयादीत हवं. एक्स्पायर झालेल्या गोळ्या जाळायचा खर्च त्या दवाखान्यावर पडतो. नर्सबाईंनीही तिथली नोंदणी नसताना रुग्णाला हात लावू नये.

बांधावरचा_शेतकरी

डॉक्टरसाहेब, लातूर भागात आम्ही लहानपणी हिवताप चांगला दोन-तीनदा काढलाय. अशा माणसाला गोळ्यांची काय गरज? अंगात ताकद तयार झालेली असते म्हणतात.

मलावीचं नाव मात्र मला ओळखीचं. तुरीच्या भावावर डोळा ठेवून असतो ना आम्ही! २०२१ मध्ये भारतानं मलावीशी करार केला, वर्षाला पन्नास हजार टन तूर, पाच वर्षं. बाई, तिथं शेतकरी भेटले तर त्यांना काय भाव मिळतो तेवढं विचारून या.

डॉ_मीठभाकर

दादा, ती ताकद टिकत नाही. सतत डास चावत राहिले तर अर्धवट प्रतिकार राहतो. ते थांबलं की वर्ष-दोन वर्षांत ओसरतो. शिवाय आपल्याकडचा बराचसा ताप व्हायव्हॅक्सचा, तिथला फाल्सिपेरमचा. ब्रिटनमध्ये दरवर्षी मलेरियाचे जे रुग्ण येतात त्यांत आफ्रिकेत नातेवाइकांकडे जाऊन आलेलेच जास्त, कारण त्यांनाही वाटतं की आपल्याला काही होत नाही. परतल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि "मी मलावीला गेलो होतो" हे पहिलं वाक्य असायला हवं.

पुणेरी_पाटी

स्वेटरबद्दल कान पकडले. मलेरियाची लस आमच्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते ना? तीच टोचून जाता येणार नाही का?

डॉ_मीठभाकर

नाही, ती लहान बाळांसाठी आहे. ऑक्सफर्डनं शोधलेली आर-ट्वेंटीवन पुण्यात बनते, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये तिला मान्यता दिली. तिच्या आधीच्या लसीची सुरुवात २०१९ मध्ये मलावीतूनच झाली होती. प्रवाशांसाठी यातली एकही नाही.

मुक्ता_वाचते

ताई, तुम्ही मोकळेपणानं सांगा म्हणालात म्हणून लिहिते. मला रंगकामाचा बेत पटला नाही.

म्झिंबात रंगारी नाहीत का? आहेत, आणि काम नाही म्हणून बसलेत. इथून इतकी माणसं विमानानं जाऊन भिंत रंगवणार, तीही आयुष्यात पहिल्यांदा ब्रश धरून. एका माणसाच्या तिकिटाच्या पैशात गावातले रंगारी शाळा रंगवतील आणि त्यांच्या घरात मजुरी येईल. कपड्यांचं तेच. मलावीच्या प्रत्येक बाजारात कौंजिका म्हणजे परदेशातून गठ्ठ्यांनी आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग असतात. तुमची आणखी एक बॅग आली की दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसलेल्या शिंप्याचं एक गिऱ्हाईक गेलं.

बालशिबिराबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते. मी मुलांच्या संस्थेत काम केलंय, आफ्रिकेत नाही, विदर्भात. पाहुणे येतात, आठवडाभर मुलांना कडेवर घेतात, फोटो काढतात, रडत निरोप घेतात. पुढच्या महिन्यात दुसरे. मुलं पहिल्या दिवशीच अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायला लागतात. त्याला प्रेम म्हणायचं का? गट एखाद्या अनाथाश्रमात जाणार असेल तर नीट चौकशी करा. जगभर अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मुलं तिथं येतात आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे तिथंच राहतात.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका आणि फेसबुकवर तर टाकूच नका. आपल्या मुलाच्या शाळेत कुणी परकी माणसं येऊन असे फोटो काढू लागली तर आपण चालू देऊ का?

वसईची_केळी

मुक्ताताई, तुमचे मुद्दे बरोबर आहेत पण त्यातून "जाऊच नका, पैसे पाठवा" असं निघत असेल तर मी सहमत नाही.

आमच्या वसईत पॅरिशमधून (गावच्या चर्चमधून) आदिवासी पाड्यांवर जाणारे गट मी लहानपणापासून बघतेय. पैसे पाठवणारे पुष्कळ होते. कुणाचं घर कुठलं, कुणाची मुलगी दहावीला बसलीय, कुणाच्या विहिरीचं पाणी फेब्रुवारीत आटतं, हे फक्त जाऊन बसणाऱ्यांना ठाऊक असायचं. पाड्यावर रस्ता अडला तेव्हा तहसीलदाराकडे तेच गेले, कारण ते त्यांच्या ओळखीचे होते. चर्चचं नातं म्हणजे देणगीदार आणि लाभार्थी नाही. एकत्र प्रार्थना करायची, एका ताटात जेवायचं, त्यांच्या घरच्या मयतीला रडायचं. नगरी_मिरचीच्या मंडळीत मलावीचे पाळक येऊन राहून गेले हे तिनं लिहिलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दोन्हीकडून ये-जा आहे.

म्हणून माझं म्हणणं: जा, पण हातात रंगाचा डबा नको. त्यांच्याकडे दोन आठवडे पाहुणे म्हणून राहा. त्यांच्या भगिनी मंडळाबरोबर आजारी माणसांच्या भेटीला जा, त्यांच्या गायनमंडळात उभे राहा. कामं त्यांना ठरवू दे.

मुलांशी संबंध येणार असेल तर स्कॉटलंडच्या नियमाप्रमाणे सगळ्यांची पोलीस तपासणी झालेली असायला हवी. तिकडं कोण विचारतंय, असं म्हणू नका.

संशयात्मा

एक सरळ प्रश्न. तिथं जाऊन धर्मप्रसार करणार का? राग मानू नका, पण मिशन म्हटलं की आपल्याकडे हाच प्रश्न पहिला येतो.

नगरी_मिरची

राग नाही. मलावीत दर चार माणसांत तीन ख्रिस्ती आहेत. आमची नातं असलेली मंडळी चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियनची, आणि ते चर्च सभासदसंख्येनं आज आमच्या चर्च ऑफ स्कॉटलंडपेक्षा कितीतरी मोठं आहे. आमच्याकडे रविवारी बाकडी रिकामी असतात, त्यांच्याकडे लोक बाहेर झाडाखाली बसतात. त्यांचे पाळक इथं येऊन गेले तेव्हा आम्हालाच प्रार्थना करायला शिकवून गेले, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

मुक्ताताई, तुमचं लिहिणं बोचलं, पण योग्य ठिकाणी. कपडे आणि औषधांचं मी उद्याच आमच्या समितीपुढे मांडते. रंगकामाबद्दल तिथल्या मंडळीच्या सचिवांना थेट विचारायचं ठरवलंय: तुमच्या मनात काय आहे? अनाथाश्रम आमच्या बेतात नाही.

जुना_नाशिककर

संशयात्म्यांच्या प्रश्नावरून एक जुनी गोष्ट आठवली, थोडं अवांतर होईल.

मलावीचा आणि नाशिकचा संबंध दीडशे वर्षांहून जुना आहे. नाशिकला शरणपूर आहे ना, तिथं चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ख्रिस्ती वस्ती होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणून शिकवत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी, आणि कानावर पडणारं मराठी-हिंदुस्तानी. १८६१ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशानं आजच्या मलावीच्या दक्षिणेला शिरे नदीच्या मुलखात एक गुलामांचा तांडा सोडवला, त्यात चुमा नावाचा याओ जमातीचा मुलगा होता. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन बोट घेऊन थेट मुंबईला आला, तेव्हा चुमाला त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. आपलं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. पुढच्या सफरीसाठी चुमा आणि नाशिकची काही मुलं त्याच्याबरोबर गेली.

१८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. हृदय तिथल्याच झाडाखाली पुरलं आणि चुमा, लिव्हिंग्स्टनचा दुसरा सेवक सुसी आणि सोबत्यांनी देह वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यावर बागामोयोला आणला. दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं, तो नाशिकला शिकलेला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. नाशिकचे बरेच आफ्रिकन ख्रिस्ती पुढे मोंबासाजवळच्या फ्रियर टाउनला स्थायिक झाले.

गोरा साहेब सगळ्यांना माहीत असतो. वाट माहीत असलेली, भाषा बोलणारी, ओझं वाहणारी माणसं आफ्रिकनच होती. ताई, तिथल्या शाळेत ही गोष्ट सांगा. चुमा त्यांच्या मातीतला आहे.

वसईची_केळी

हे मला अजिबात माहीत नव्हतं. शरणपूरवर काका वेगळा धागाच काढा.

पंपवाले_काका

नाशिककरांनी अवांतर केलंच आहे तर सोलापूरचंही ऐका. यात ताईंच्या कामाचं आहे.

माझी नोकरी हातपंपांच्या दुरुस्तीत गेली. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात विंधन विहिरी झपाट्यानं झाल्या, पण वर बसवलेले बिडाचे पंप घरगुती वापराचे, एका कुटुंबासाठी केलेले. अख्खं गाव दिवसभर दांडा हाणायचं, महिनाभरात मोडायचे. जालना, सोलापूर या भागात विहिरी खोदणाऱ्या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्याकडच्या मिस्त्रींनी पोलादी पंप करून पाहिले. सोलापूर पंप म्हणून जो ओळखला गेला, त्याच्यावरून युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. तो पुढे आफ्रिकेत ठिकठिकाणी गेला. आपल्या भागातला दांडा आज युगांडातल्या बाया हाणतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण त्याचं एक दुखणं होतं. आतलं चामड्याचं वॉशर झिजलं, की तिपाई लावून सगळे पाइप वर काढायचे. चार-पाच माणसं, अवजारं, वरून पंचायत समितीची गाडी कधी येईल तेव्हा. म्हणून ऐंशीच्या दशकात आफ्रिकेत, केनिया-मलावीत, अॅफ्रिडेव्ह नावाचा पंप विकसित केला. त्यात पाइप जागेवर राहतात, सळया आणि पिस्टन आतूनच वर ओढता येतात. एक पाना पुरतो. गावातल्या दोन बायका शिकल्या तर तासाभरात यू आकाराचं रबरी सील बदलतात. मलावीत बहुतेक गावांत हाच पंप दिसेल.

तरीही पंप बंद पडलेले असतात. आफ्रिकेत साधारण तिसरा हिस्सा हातपंप बंद, असा अंदाज बरीच वर्षं सांगितला जातोय. कारण लोखंड नाही. सील आणायला पैसे कुणी जमवायचे, दुकान किती लांब, शिकलेला माणूस गाव सोडून गेला तर पुढं काय, यातच घोडं अडतं. देणगीदाराला नवीन पंप बसवून त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची हौस असते. जुन्याचं सील कुणाला द्यायचं नसतं.

ताई, तुम्ही हिशेबनीस आहात. गावाच्या पाणी समितीची वही कशी ठेवायची, वर्गणी कशी जमवायची, शिल्लक कशी लिहायची हे त्यांना हवं असेल तर तुम्ही बसून दाखवू शकता. रंगाच्या ब्रशपेक्षा तुमच्या हाताला ते जास्त शोभेल. सुतारबुवांनाही शाळेची मोडकी बाकं तिथल्या सुताराबरोबर बसून दुरुस्त करू द्या. "तिथल्या सुताराबरोबर" हे मुद्दाम लिहितोय.

पुणेरी_पाटी

बॅग भरायला निघालेला धागा शरणपूर, सोलापूर करत पाण्यापर्यंत पोचला. चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

तुळशीवृंदावन

एक शंका. मी शाकाहारी, भाऊ झांबियात नोकरीला निघालाय. तिकडे खेड्यात जेवायचं काय?

लिलाँग्वेकर

झांबिया आणि मलावीचं जेवण जवळजवळ एकच. मक्याच्या पांढऱ्या पिठाचं न्सिमा, ज्वारीच्या उकडीसारखं घट्ट, उजव्या हातानं गोळा करून खायचं. बरोबर भाजी. भोपळ्याची कोवळी पानं, रताळ्याची पानं, मोहरीचा पाला, त्यात शेंगदाण्याचं कूट! मराठी माणसाची तक्रारच नाही. घेवडा असतो. जेवणाआधी घरातलं कुणीतरी तांब्यानं सगळ्यांच्या हातावर पाणी घालतं.

पाहुणा आला की कोंबडी कापतात. शाकाहारी असाल तर यजमानांना आधीच, पाळकांमार्फत कळवा. ताटात आल्यावर नाही म्हटलं तर त्या माउलीला फार लागतं. आणि नगरीताई, तुम्ही जाल ते दिवस कापणीनंतरचे, घरात मका असतो. डिसेंबर ते मार्च हे उपासमारीचे महिने. तेव्हा खेड्यात पाहुणे म्हणून राहणं त्यांच्यावर ओझं होतं. तरीही यजमानाच्या घरी जाताना साखर, मीठ, तेल, साबण घेऊन जा, तिथल्याच दुकानातून.

नगरी_मिरची

मंडळी, तिथल्या सचिवांचं उत्तर आलं. आमच्या समितीत वाचून झालं, आता इथं लिहिते.

रंगकामाबद्दल ते लिहितात: तुम्ही पैसे पाठवणार असाल तर शाळा समितीनं दोन रंगारी आणि एक गवंडी ठरवलेत, कारण रंगाआधी भिंतीला पडलेली भेग बुजवायची आहे. आम्ही ज्या भिंतीवर फुलं-पक्षी काढायला निघालो होतो ती भिंत पावसाळ्यात ओली होते, हे इथं बसून कसं कळणार? औषधं पाठवू नका, दवाखान्याला वजनकाटा आणि बाहेर बसणाऱ्या बायांसाठी छप्पर हवंय, त्याचा अंदाजखर्च त्यांनी जोडलाय. बालशिबिर त्यांचेच शब्बाथशाळेचे शिक्षक घेतात, दरवर्षी. आमच्या निवृत्त शिक्षिकेनं मुलांऐवजी त्या शिक्षकांबरोबर बसावं अशी त्यांची इच्छा आहे.

पंपवाले काका, तुमचा मुद्दा मी त्यांना विचारलाच. शाळेजवळचा पंप गेल्या वर्षी बंद पडला होता. आता चालू आहे, दुरुस्त करणाऱ्या बाई भगिनी मंडळाच्या (त्यांच्याकडे त्याला उमान्यानो म्हणतात) सभासद आहेत. पण वर्गणीच्या वहीवरून दोन वाड्यांत वाद आहे आणि ती वही नीट करायला बाहेरचं माणूस असलं तर बरं, असं त्यांनी लिहिलंय. म्हणजे माझं काम ठरलं!

शेवटी एक ओळ: तुमच्यापैकी प्रत्येकानं रविवारी उपासनेत उभं राहून आपल्या घरच्या मंडळीचा निरोप सांगायचा आहे आणि एक गाणं म्हणायचं आहे. मी मराठी भजन म्हणणार आहे, टाळ घेऊन. आमच्या कॉलेजच्या मुलांना त्याचंच जास्त टेन्शन आलंय.

बेत बदलला म्हणून गटातले दोघं जरा नाराज आहेत. त्यांना काहीतरी "करून" यायचं होतं. त्यांना कसं समजवायचं?

मुक्ता_वाचते

वाचून खूप बरं वाटलं ताई. त्या दोघांना गवंड्याच्या हाताखाली विटा-वाळू द्यायला बसवता येईल का ते सचिवांनाच विचारा, मजुराची रोजी न मोडता. घाम गाळायची इच्छा वाईट नाही, हुकूम गवंड्याचा असला म्हणजे झालं. आणि जाण्याआधी दोन-तीन वेळा एकत्र बसून तुंबुका शिका. जमत नसेल तरी शिका.

पंपवाले_काका

वहीबद्दल: संगणक नेऊ नका. साधी लांब वही, उभ्या रेघा, जमा-खर्च-शिल्लक, आणि दर महिन्याला दोन्ही वाड्यांतल्या एकेका माणसाची सही. शिल्लक झाडाखाली सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. आमच्याकडे भांडणं तिथंच मिटायची. त्यांची आधीची वही फेकू नका, तिच्यातूनच पुढे चालवा. आणि ज्या बाई पंप दुरुस्त करतात त्यांना त्या कामाचे पैसे मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर वहीत तो रकाना आधी घाला.

बांधावरचा_शेतकरी

आणि तुरीचा भाव!

नगरी_मिरची

दादा, विचारते नक्की! म्झिंबात तूर होते का तेही बघते.

लिलाँग्वेकर

तूर मुख्यतः दक्षिणेकडे होते. उत्तरेला मका, तंबाखू, शेंगदाणे, घेवडा. म्झिंबात तंबाखूच्या भावाचं विचारा, लोक तासभर बोलतील.

नगरी_मिरची

शेवटचा प्रश्न डॉक्टरांना. आमचं विमान अदिस अबाबावरून आहे. परतताना मी स्कॉटलंडला न येता तशीच पुढे मुंबईला, आईकडे जाणार आहे. पिवळ्या तापाची लस लागेल का? गटात एक आजी सत्तरीच्या आहेत, त्यांचंही सांगा.

डॉ_मीठभाकर

मलावीत पिवळ्या तापाचा धोका नाही, पण इथिओपियात आहे आणि मलावी तिथून येणाऱ्यांकडे दाखला मागू शकतं, विशेषतः तिथला थांबा बारा तासांपेक्षा जास्त असेल तर. तुमच्या तिकिटावर थांबा किती तासांचा ते आधी पाहा.

भारत याबाबत फार कडक आहे. धोक्याच्या देशातून सहा दिवसांच्या आत आलेल्या माणसाकडे वैध दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात. विमानतळाबाहेर न पडलेल्या प्रवाशाला सूट देता येते, पण ते तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यावर अवलंबून. मुंबईत उतरून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, प्रकृतीची अडचण नसेल तर, लस घ्या. एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो, मात्र तो टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. दाखल्याचं मूळ पिवळं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, फोनवरचा फोटो धरत नाहीत. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळतंय ना ते दवाखान्यातच तपासा.

आजींचं वेगळं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, त्यामुळे सत्तरीत ती नुसती कागदासाठी देत नाहीत. त्यांना वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळू शकतं. त्या भारतात जाणार नसतील आणि अदिसचा थांबा लहान असेल तर बहुधा तेवढ्यावर भागेल. त्यांना स्वतंत्र वेळ घेऊन दवाखान्यात पाठवा, गटाबरोबर नको.